दाभोळ राहिलें

मासिकांतून लेख लिहिणाऱ्या मंडळींना स्वतःस 'आम्ही' म्हणवून घेण्याची जुनी खोड आहे. लिहिणारा एकटाच असतो, त्याची दौतही एकच असते. परंतु लेखणी कागदावर टेकली कीं त्याच्या अंगांत अनेकवचन संचरतें. संपादकांचें ठीक आहे. त्यांच्या पाठीशीं छापखाना, वर्गणीदार आणि कर्ज असा मोठा परिवार असतो. आमच्या पाठीशीं असें कांहीं नाहीं. तरी प्रस्तुत लेखांतील 'आम्ही' हा शब्द वाचकांनीं अक्षरशः खरा मानावा, कारण ज्या होडीची ही हकीकत आहे तींत आम्ही खरोखरीच दोघें होतों. एक हें लिहिणारे, आणि दुसरी आमची सहधर्मचारिणी. हा 'आम्ही' चाळीस वर्षांचा जुना आहे. तो आजवर एकाच तोंडून बाहेर पडत आला, ही गोष्ट मात्र आमच्या लक्षांत यावयास वाशिष्ठीच्या पात्रांतील एक वाळूचा दांडा कारण झाला.

होडीनें दाभोळास जावयाचें, हें वचन आम्हीं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षीं दिलें होतें. ती कऱ्हाडची. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात त्या प्रीतिसंगमाच्या कांठीं तिचें बालपण गेलें. कुंभार्ली घाट उतरून ती चिपळुणास आली तेव्हां सासरचीं माणसें नीट ओळखूं येण्यापूर्वींच तिनें सासरची नदी पाहून घेतली, आणि "ही कुठं जाते?" असें विचारलें. "दाभोळला. तुला एकदां होडीनं नेऊं," असें आम्हीं सांगितलें. ह्या उत्तरांतील 'एकदां' हा शब्द आम्हांस चाळीस वर्षें पुरला.

वचनाच्या मागें आमच्या वडिलांच्या गोष्टी होत्या. त्यांच्या तरुणपणीं चिपळुणाहून मुंबईची वाट पाण्यांतून जात असे. गोवळकोटच्या धक्क्यावर लहान लाँच लागे. ती भरती-सुकतीचा मेळ पाहून खाडीनें दाभोळास पोंचवी, आणि तेथें बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटीवर चढावयाचें. वडिलांना त्या प्रवासांतले वास देखील पाठ होते: ओला काथ्या, सुके मासे, कोळशाचा धूर, आणि बोट लागेल ह्या भीतीनें बायका पदराला बांधून नेत तीं लिंबें. पुढें रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वे सबंध धांवूं लागली, आणि पाण्याच्या वाटेची आठवण असलेलीं माणसें एकेक करून गेलीं. आमच्यापाशीं उरले ते वास, आणि तेही ऐकीव.

तसें पाहिलें तर ह्या नदीशीं आमच्या सौभाग्यवतीचें नातें आमच्यापेक्षां जवळचें आहे. महाबळेश्वरीं उगम पावलेली कोयना दक्षिणेस हेळवाकापर्यंत येते, तेथें एकाएकीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. परंतु धरण झाल्यापासून तिच्या पाण्याचा मोठा हिस्सा सह्याद्रीच्या पोटांतल्या बोगद्यांतून पश्चिमेस येतो, पोफळीच्या बाजूस यंत्रें फिरवितो, आणि वीज देऊन झाली कीं वाशिष्ठींत उतरतो. कृष्णा पाणीतंटा लवादानें पश्चिमेकडे वळविण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मुभा दिली. जें पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचें तें अशा रीतीनें आमच्या दारावरून अरबी समुद्रास जातें. उन्हाळ्यांत कोंकणच्या इतर नद्यांचे गोटे उघडे पडतात तेव्हांही वाशिष्ठी वाहती राहते ती ह्या पाहुणीच्या जोरावर. २०२१ च्या महापुरानंतर ह्या पाण्यावरून पुष्कळ वाद झाला. त्यांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. सौभाग्यवती मात्र दर वैशाखांत नदीकडे बघून म्हणते, "माझ्या माहेरचं पाणी आहे हें. डोंगर फोडून आणलंत. येतंस का म्हणून त्याला कुणी विचारलं नव्हतं." आम्ही ह्यास विनोद समजत आलों.

गोवळकोटच्या धक्क्यावर आतां मुंबईच्या लाँचेऐवजीं मगरी दाखविणाऱ्या मोटारहोड्या लागतात. गेल्या पौषांत त्यांतली एक आम्हीं दिवसभरासाठीं ठरविली. होडी फायबरची, वर निळ्या कापडाचें छत, मागें टांगलेलें यंत्र, आणि बसणारांसाठीं केशरी जाकिटें. तांडेल पंचविशीचा, खारव्याच्या घरांतला. भरतीची वेळ त्याला भ्रमणध्वनीवर पाहतां आली असती. पण तें त्यानें केलें नाहीं. "उद्यां शुद्ध दशमी," तो आदल्या दिवशीं म्हणाला. "दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला दाभोळला भरती. इथं वर पोचायला तिला दीड तास. आठाला या. नऊला पाणी उतरायला लागलं कीं त्याच्याबरोबरच खालीं जाऊं." तिथीला पाऊणानें गुणलें कीं भरतीची वेळ हातीं येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सवाअकरा. पंचांग आमच्या घरांत चार पिढ्या वाचलें जात आहे. त्याचा हा उपयोग आम्हांस ठाऊक नव्हता. सौभाग्यवतीनें तेथल्या तेथें बोटांच्या पेरांवर एकादशीची आणि द्वादशीची वेळ काढून पाहिली.

आठाला आम्ही धक्क्यावर हजर होतों, हें नमूद केलें पाहिजे. उशीर झाला तो त्यानंतर. धक्क्याच्या माथ्यावरच गोवळकोटचा किल्ला, आणि पायथ्याशीं करंजेश्वरीचें देऊळ. इतक्या जवळ येऊन किल्ला न दाखवितां तिला होडींत बसविणें, जन्मभर शाळेंत इतिहास शिकविलेल्या माणसाला जड गेलें. वर चढून आम्हीं सिद्दीपासून प्रारंभ केला. १७४५ सालीं तुळाजी आंग्र्यांनीं अंजनवेल आणि गोवळकोट हे दोन्ही किल्ले सिद्दीकडून घेतले आणि त्यांना गोपाळगड व गोविंदगड अशीं जोडभावांचीं नांवें दिलीं. एक खाडीच्या मुखाशीं, एक तिच्या शेवटाशीं. हें त्या पडक्या तटावर उभें राहून सांगण्यांत जी गोडी आहे ती वर्गांत नाहीं. खालून तांडेलानें दोनदां शीळ घातली. सौभाग्यवतीही एकदां "अहो, पाणी उतरायला लागलंय," असें म्हणाली. आम्ही त्या वेळीं पेशवाईंत होतों. होडी सुटली तेव्हां पावणेअकरा झाले होते.

मोटारहोडीच्या सहलीचें जें वर्णन लोक करितात त्यांत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. मागचें यंत्र एकदां सुरू झालें कीं बोलणें संपतें. पहिल्या पांच मिनिटांत आम्हीं ओरडून तीन वाक्यें सांगितलीं, त्यांपैकीं एकही तिला पोंचलें नाहीं. मग खुणांवर आलों. चाळीस वर्षांच्या संसारांत खुणांचा सांठा बराच झालेला असतो. तिनें हनुवटी उचलली कीं तिकडे पाहावें. आम्हीं तळहात पालथा केला कीं 'असूं दे' असें समजावें. ह्या भाषेंत वादविवादाची सोय नाहीं, त्यामुळें पहिला तास अत्यंत सुखाचा गेला.

आणि नदी खरोखरच सुंदर होती. दोन्ही अंगांस उतरत आलेल्या डोंगरांवर पौषांतलें पिवळें गवत. त्याच्या खालीं माडांची रांग, कौलारू वाडी, एखादी पांढरी मशीद, एखादें शेंदरी कळसाचें देऊळ. आणि अगदीं पाण्याला लागून तिवरांची हिरवी भिंत. ओहोटी जसजशी होत होती तसतशीं तिवरांचीं मुळें उघडीं पडत होतीं. हीं मुळें श्वास घेण्यासाठीं चिखलांतून वर येतात. लांबून पाहतां कुणीं पेन्सिलींचीं टोंकें वर करून हजारों पेन्सिली रोंवून ठेविल्या आहेत असें वाटतें. खंड्या एका काठीवरून उडे तो पुढच्या काठीवर जाऊन आमचीच वाट पाहत बसे. एक ब्राह्मणी घार बराच वेळ आमच्यावर होती. वाळू काढणाऱ्यांची एक होडी कडेला, जवळजवळ कांठापर्यंत पाण्यांत बसलेली. तींतील माणसांनीं आमच्याकडे पाहिलेंही नाहीं.

पहिली मगर सौभाग्यवतीला दिसली. चिखलाच्या उतारावर आठ-नऊ फूट लांबीचें तें जनावर जबडा वासून पडलें होतें. तांडेलानें यंत्र मंद केलें, तेवढ्या संधींत आम्हीं सांगून टाकिलें कीं, मगर ऊन खातांना जबडा उघडते तो कोणाला गिळण्यासाठीं नव्हे, डोकें तापूं नये म्हणून. "बरं," ती म्हणाली. आमचें खरें भांडवल पुढें होतें. दाभोळाविषयीं एक व्याख्यान आम्हीं घरून तयार करून आणिलें होतें, आणि बंदर दिसूं लागतांच यंत्र बंद करावयास लावून तें द्यावयाचें, असा बेत होता.

बारा वाजून गेल्यावर होडीच्या बुडाखालीं कोणीतरी हात फिरविल्यासारखा आवाज झाला. मग ती अंमळ उचलली गेली, आणि थांबली. तांडेलानें यंत्र बंद करून पंखा वर उचलला, बांबूनें रेटून पाहिलें, नाळेकडे जाऊन पाहिलें, वरामीकडे येऊन पाहिलें. पाणी आमच्या देखत दोन्ही बाजूंनीं निघून जात होतें. "हा दांडा गेल्या साली इथं नव्हता," तो म्हणाला. नऊला निघालों असतों तर त्यावरून हातभर पाणी राहिलें असतें, हें तो बोलला नाहीं. बोलण्याची आवश्यकता नव्हती.

"आतां?" आम्हीं विचारलें.

"आतां थांबायचं. सुकती व्हायला दोन तास. जेवढं उतरेल तेवढं परत चढायला दोन तास. साडेचारला होडी उठेल."

आम्हीं खालीं उतरून होडी ढकलण्याची तयारी दाखविली. त्यानें प्रथम चिखलाकडे बोट दाखविलें, जो कमरेइतका होता, आणि नंतर पलीकडच्या कांठाकडे, जेथें मघांच्याच कुळांतलीं दोन मंडळी ऊन खात पडलीं होतीं. "काका, बसा," असें म्हणून त्यानें आमच्या समाधानासाठीं आणखी एक माहिती दिली. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास पाणी भांगाकडे उतरत असतांना होडी अशी चढली, तर पुढची भरती मागच्याहून कमी येते, आणि होडी उधाण येईपर्यंत अडकून बसूं शकते. दशमीला पाणी दिवसेंदिवस वाढत असतें. तेव्हां रुतावयाचें तर आजचा दिवस चांगला. इतकें सांगून तो जाकीट उशाशीं घेऊन नाळेवर निजला.

यंत्र बंद झाल्यावर प्रथम कांहींच ऐकूं येईना. मग एकेक आवाज येऊं लागला. ओला चिखल वाळतांना बारीक टपटप वाजतो. निवट्या त्यावर उड्या मारीत होत्या, आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले लहान खेकडे आपआपल्या बिळापुढें ती नांगी हालवीत उभे होते. आम्हीं दडपे पोहे खाल्ले. थर्मासमधला चहा घेतला. साडेबारा वाजले होते.

वाचकांपैकीं जीं विवाहित आहेत त्यांनीं ह्या परिस्थितीचा विचार करून पाहावा. चार तास, तिसरें माणूस झोंपलेलें, वर्तमानपत्र नाहीं, भ्रमणध्वनीला तेथें रेंज नाहीं. घरांत बोलणें एखाद्या अवघड वळणावर आलें कीं आम्ही वाचनालयांत जातों आणि ती स्वयंपाकघरांत जाते. संसार टिकतो त्यांत ह्या दोन जागांचा वांटा मोठा आहे. येथें जाण्यासारखी जागा एकच होती आणि तींत आम्ही दोघेंही आधींच बसलेलों होतों.

"पुण्याला काय कळवलंत?" तिनें विचारलें.

हा प्रश्न आमच्या घराविषयींचा होता. आजोबांनीं बांधिलेलें, नदीच्या अंगास असलेलें तें घर एका बांधकाम करणाऱ्या गृहस्थास हवें आहे, आणि चिरंजीव पुण्याहून दर आठवड्यास विचारीत होते कीं, काय ठरलें.

"आम्ही घर विकणार नाहीं, असं कळवलं."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आपण दोघं."

"मला कधीं विचारलंत?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तरही दोन अक्षरांचेंच होतें. तें देण्याऐवजीं आम्हीं घराचा इतिहास सांगावयास प्रारंभ केला. आजोबांनीं जांभ्याचे चिरे कोठून आणिले, माळ्याचें लांकूड कोणत्या वर्षीं घेतलें, २००५ चा पूर येऊन गेला तरी भिंत कशी हालली नाहीं. तिनें तें सर्व ऐकून घेतलें. सकाळीं तुळाजी आंग्र्यांस ऐकून घेतलें होतें तसेंच. मग ती बोलूं लागली. ती फार हळू बोलते. यंत्र चालू असतें तर त्यांतला एक शब्दही आम्हांस ऐकूं आला नसता.

२२ जुलै २०२१ रोजीं आमच्या घरांत पाणी शिरलें आणि तो दिवस व पुढची रात्र आम्हीं माळ्यावर काढिली, हें आमच्या ओळखीच्या सर्वांस ठाऊक आहे, कारण पाणी ओसरल्यावर आम्हीं त्यावर एक लेख लिहिला. तो छापून आला, लोकांनीं वाखाणला. चिपळुणांतील १८६४ सालच्या वाचनालयाची, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, पुस्तकें पुरानें कशीं नासलीं हें त्यांत होतें. आमच्या स्वतःच्या तीनशें पुस्तकांविषयीं दोन परिच्छेद होते. 'आम्ही ज्याला आपलें म्हणत होतों तें सर्व एका रात्रींत चिखल झालें', असें एक वाक्य होतें, तें पुष्कळांस आवडलें.

"त्या लेखांत माझी वही नव्हती," ती म्हणाली.

वही तिनें सोळाव्या वर्षीं लिहिलेली. तिची आई कऱ्हाडास पहांटे जात्यावर ओव्या म्हणत असे; त्या तिनें अंथरुणांत पडल्या पडल्या ऐकावयाच्या आणि उजाडल्यावर निळ्या शाईनें उतरून काढावयाच्या, असें वर्षभर केलें होतें. आई गेली, जातें गेलें, वही लग्नांत बरोबर आली. ती आमच्या फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यांत असे. वरच्या चारांत आमचीं पुस्तकें. पाणी उंबऱ्यावर आलें तेव्हां "आधीं आमचीं पुस्तकं वर घे," असें आम्हीं म्हटलें. तें म्हटल्याचें आम्हांस पक्कें आठवतें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आम्ही माळ्यावर उभे राहून घेत होतों आणि ती खालून आणून देत होती. तिनें तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेस जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या.

"चिखल काढतांना सांपडली ती. कागद होते. शाई नव्हती."

"तूं तेव्हांच कां बोलली नाहींस? वही आधीं घेतली असती."

"तुम्ही 'आमचीं पुस्तकं' म्हणालांत," ती म्हणाली. "मला वाटलं, वही त्यांत आली."

ती रागानें बोलत नव्हती. राग असता तर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें असतें. समोरचा एक खेकडा बिळांत गेला, परत आला. तिनें चहाचें झांकण पुसून थर्मासवर बसविलें आणि दुसरी गोष्ट सांगितली. घराच्या पुढच्या पायऱ्या सात आहेत. त्या वर्षापासून जुलै-ऑगस्टांत रात्रीं पाऊस जोराचा लागला कीं ती उठते, विजेरी घेऊन दार उघडते, आणि पाणी कितव्या पायरीस लागलें तें पाहून येते. चौथीस लागलें तर आम्हांस उठवावयाचें, असें तिनें ठरवून ठेविलें आहे. आजवर दुसरीच्या वर आलेलें नाहीं, म्हणून आम्हांस उठविण्याचा प्रसंग आला नाहीं. पावसाळ्यांतील कित्येक सकाळीं दाराशीं तिच्या चपला ओल्या दिसत. आम्हीं त्यांच्यावरून उडी टाकून वर्तमानपत्र उचललें आहे. त्या ओल्या कां, हें विचारलें नाहीं.

"विका, असं मी म्हणत नाहीं," ती पुढें म्हणाली. "पुण्याला जाऊं, असंही नाहीं. सुनेच्या स्वयंपाकघरांत मला पाहुणी होऊन राहायचं नाहीं. पण आणखी एक जुलै त्या पायऱ्या मोजत बसणं मला होणार नाहीं. काय करावं तें मला ठाऊक नाहीं. विचारलं असतंत, तर एवढंच सांगितलं असतं."

ह्यावर आम्ही काय बोललों तें लिहिण्यासारखें नाहीं, आणि फारसें बोललोंही नाहीं. दोन वाजून गेले. पाणी उतरावयाचें थांबलें होतें. नदी इतकी स्तब्ध झाली कीं पलीकडच्या डोंगराची गवताची पिवळी पाठ तींत जशीच्या तशी उमटली. पलीकडच्या मगरींपैकीं एक केव्हां पाण्यांत गेली तें कोणीं पाहिलें नाहीं. त्यामुळें सौभाग्यवतीनें पाय वर घेतले आणि आमच्याकडे जरा सरकून बसली.

"दाभोळचं काय तें सांगा आतां," ती म्हणाली. "घोकून आणलंय ना? ऐकतें."

घोकून आणलेलें व्याख्यान पाऊण तासाचें होतें. तें दहा मिनिटांत संपलें. अरबस्थानांतून येणारे घोडे, बहामनी राज्यांतली भरभराट, १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा ह्यानें केलेली जाळपोळ, हीं सर्व आम्हीं दोन वाक्यांत उरकलीं. पंधराव्या शतकांतला रशियन प्रवासी अफनासी निकितिन बीदरापर्यंत हिंडून शेवटीं दाभोळासच गलबतांत बसला, हें सांगितलें.

"घरीं पोचला का?"

"नाहीं. त्याच्या गांवाच्या अलीकडेच वारला. पण लिहिलेलं मागं राहिलं."

"हं," ती म्हणाली.

मग खाडीकांठच्या मशिदीची आख्यायिका सांगितली. विजापूरची एक शाहजादी मक्केस जावयास म्हणून मोठा पैसा घेऊन दाभोळास आली. समुद्र सुरक्षित नव्हता, जाणें झालें नाहीं. तेव्हां यात्रेचा सगळा पैसा खर्चून तिनें तेथेंच मशीद बांधिली. लोक तिला अंडा मशीद म्हणतात.

"कुणाला विचारून खर्च केला?"

"पैसा तिचा स्वतःचाच होता."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळानें हंसली.

भरती येऊं लागली ती आमच्या आधीं खेकड्यांना कळली. एकेक करून ते आंत गेले आणि बिळांचीं तोंडें बंद झालीं. मग खालच्या अंगानें फेंसाची एक बारीक रेघ वर सरकत आली. तांडेल जागा झाला होता. त्यानें बांबू चिखलांत रोंविला, आणि सौभाग्यवती त्याच्या पेरांवरून पाणी मोजूं लागली. एक पेर, दीड, दोन. ती पाणी मोजते तें आम्हीं प्रथमच पाहिलें. भुंवया जवळ येतात, ओंठ किंचित् हालतात, आणि मधें कोणीं बोललें तर ऐकूं जात नाहीं. घरीं हें ती विजेरीच्या उजेडांत करीत असली पाहिजे. तांडेल म्हणाला होता त्याहून दहा मिनिटें आधींच होडी उठली. उठतांना ती आवाज करीत नाहीं; फक्त बसल्या जागीं आपण हलके झालों असें वाटतें.

दाभोळास जावयाची वेळ टळली होती. भरतीबरोबर वर गोवळकोटास परतणें एवढेंच शक्य होतें. यंत्र सुरू झालें. पुन्हां खुणांचें राज्य. पश्चिमेस, जिकडे दाभोळ, तिकडे सूर्य गेला, आणि डोक्यावर दशमीचा चंद्र आधींच येऊन बसलेला होता. वाटेंत तिनें एकदां हनुवटी उचलली, आम्हीं पाहिलें, नुसतें पाणीच होतें. पण त्यांत कोयनेचें किती आणि समुद्राचें किती, हें त्या ठिकाणीं कोणास सांगतां आलें नसतें.

त्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांस एवढेंच कळविलें कीं, मागच्या निरोपांतील 'आम्ही' हा शब्द रद्द समजावा. आईचा निरोप निराळा येईल. तो आला आहे. त्यांत काय होतें हें येथें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. हा लेखही प्रथम तिनें वाचिला आहे. पोह्यांत मीठ कमी होतें तें आम्हीं गाळलें म्हणून तिनें आश्चर्य व्यक्त केलें, आणि पुरांत शिरलेल्या पाण्याच्या उंचीचा आंकडा लेखांत होता तो एका हातानें चुकला होता म्हणून खोडला.

धक्क्यावर उतरलों तेव्हां अंधार पडला होता. तांडेलानें पैसे मोजून घेतले, आणि दाभोळ राहिलें ह्याची त्याला आमच्याहून अधिक चुटपुट दिसली. "परत कधीं येतां, काका? होडी ठेवतों," तो म्हणाला. आम्हीं तोंड उघडलें, आणि मग तिच्याकडे पाहिलें. ती अंगठा पेरांवर फिरवीत उभी होती.

"वद्य दशमी," ती तांडेलाला म्हणाली. "दहाची पाऊणपट साडेसात. इथं नऊ. आम्ही आठाला येऊं. आणि ह्या खेपेस किल्ला नाहीं."